चावा घेतलेली फळी

मुलांनो,

आमच्या वर्गातल्या वाचनकोपऱ्यात एक बैठी फळी आहे. तिच्यावर एका वेळी सहा मुले बसून गोष्टींची पुस्तके वाचतात. पण तिचा आकार मोठा गमतीचा! दोन्ही बाजूंना कुणीतरी कचकन चावा घेतल्यासारखी ती आत वळलेली आहे. नवीन मूल वर्गात आले की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, ही फळी उंदरानं खाल्लीय का?"

उंदराने नाही रे बाबा! ती फळी एका मोटारीच्या मापाची आहे. त्याचीच गोष्ट आज सांगते.

झाले असे, की केंद्राचे विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते. आमच्या प्रयोगांचे सामान बरेच होते. माझ्या दादाकडे एक जुनी छोटी मोटार आहे. रहिमतपूरच्या बाजूला आल्याचे पीक मोठे, तेव्हा हंगामात त्याने कधीमधी तिच्यातून पोतीही नेली होती. तो म्हणाला, "मागची बैठक काढू, तिथं सपाट फळी बसवू. सगळं सामान मावेल." मला कल्पना आवडली. वर्गाला एक चांगला धडाही मिळेल असे वाटले. रविवारी शेजारचे सुतारकाका आले, पाचवीची चार मुले आली आणि काम सुरू झाले.

बैठक काढणे सोपे निघाले. पुढची कड उचलली की ती खाचेतून सुटली. पाठीचा भाग मात्र बोल्टांनी आवळलेला होता. सुतारकाकांनी आधीच बजावले, "काढणारा हुशार नसतो, परत बसवणारा हुशार असतो!" म्हणून आम्ही वहीत गाडीचे चित्र काढले, प्रत्येक बोल्टाला नंबर दिला आणि निघालेला बोल्ट त्या नंबरच्या कागदाच्या पुडीत ठेवला. बैठकीखाली काय सापडले असेल? शेंगांची टरफले, दोन रुपयांचे नाणे आणि एक पेन्सिल. शिवाय काही वायरी आणि पेट्रोलच्या टाकीवरचे झाकण! म्हणजे बघा, तिथे भोक पाडायला गिरमिट चालवले असते तर? काका म्हणाले, "गाडीला एकही भोक पाडायचं न्हाय. चौकट नुसती वर टेकवायची."

आता माप कसे घ्यायचे? चाकांच्या जागी पत्रा आत फुगलेला असतो, सरळ रेघ कुठेच नाही. काकांनी युक्ती सांगितली. मधोमध सुतळी ताणली. सुतळीवर दर 10 सेंटिमीटरला खूण केली. प्रत्येक खुणेपासून डावीकडचा आणि उजवीकडचा पत्रा किती लांब, ते मोजून लिहिले. तेच आकडे मोठ्या पुठ्ठ्यावर मांडले, ठिपके जोडले, की वाकडा आकार तयार! पुठ्ठा गाडीत ठेवून पाहिला, जिथे अडला तिथे कातरला. मग तो 12 मिलिमीटरच्या प्लायवूडवर ठेवून रेघ मारली आणि करवत चालली. अखंड फळी दारातून आत जाईना, म्हणून दोन तुकडे करून मध्ये बिजागऱ्या लावल्या. वर जुने जाजम ठोकले. फळी अशी चपखल बसली की मुलांनी टाळ्याच वाजवल्या.

आणि तेव्हाच एकजण म्हणाली, "बाई, प्रदर्शनाला आम्ही चौघं या फळीवरच बसून येऊ?"

खरे सांगते मुलांनो, मी "बसा की" म्हणून गेले.

सुतारकाका काही बोलले नाहीत. त्यांनी आपली हत्यारांची पेटी फळीवर ठेवली आणि दादाला म्हणाले, "मैदानावर घे जरा. सायकलीच्या वेगानं चालव आणि कचकन ब्रेक मार." दादाने ब्रेक मारला. गाडी थांबली, पेटी थांबली नाही! ती सरकत जाऊन पुढच्या बैठकीच्या पाठीवर धाडकन आदळली.

हाच न्यूटनचा पहिला नियम. चालती वस्तू कुणी अडवेपर्यंत चालतच राहते. थोडा हिशेब करू. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. टक्कर होऊन 25 किलोचे मूल सेकंदाच्या दहाव्या भागात थांबले, तर त्याच्यावर सुमारे 350 किलो वजनाएवढा जोर येतो. हाताने धरून कोण राहील? म्हणून तर गाडीत पट्टा असतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी बांधलेला पट्टा निल्स बोलिन या स्वीडनच्या अभियंत्याने तयार केला. 1959 मध्ये व्होल्वो कंपनीच्या गाड्यांत तो आला आणि कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला.

फळीला पट्टा नव्हता. माझी मान खाली गेली.

संध्याकाळी दादाने ओळखीच्या मेकॅनिकला विचारले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत मनाने करता येत नाही. किती माणसे बसणार, हेही नोंदणीत असतेच. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास बैठक न वापरता नेले, तर 1000 रुपये दंड आहे.

आम्ही बैठक परत बसवली. सगळे झाल्यावर बघतो तर एक पुडी उरलेली! चित्रातला नंबर पाहिला. तो मागच्या पट्ट्याच्या खटक्याचा बोल्ट होता. चित्र काढले नसते तर तो पट्टा दिसायला जागेवर दिसला असता, पण वेळेला कामाला आला नसता. मेकॅनिकने तो स्वतः आवळला आणि बाकीचेही तपासले.

प्रदर्शनाचे सामान टेम्पोतून गेले, आम्ही एस.टी.ने गेलो. आणि फळी आली वर्गात. त्या चौघांना तिच्यावर बसायचे होते ना? आता रोज बसतात!

आता तुमचे काम. घरातला एखादा वाकडा कोपरा सुतळी आणि पुठ्ठ्याने मोजून पाहा. आणि ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी मागचे पट्टे बाहेर ओढून बघा. कित्येक घरी ते बैठकीखाली दडपलेले असतात. आई-बाबांनो, ते वर काढायला मुलांना मदत कराल ना?

तुमची,
बाई