कोळंबीची कात

कन्नडमध्ये कोळंबीला 'सिगडी' म्हणतात. मराठी कानाला ती शेगडी ऐकू येते, आणि आपल्या घरांत तिची गाठ बहुधा शेगडीशीच पडते. नामपल्लीला माझ्या मामांकडे मात्र ती दिवाणखान्यात, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत राहत होती. लाल पाठ, मधोमध पांढरा पट्टा आणि लांब पांढऱ्या मिशा.

एका सकाळी ती तळाशी निपचित पडलेली दिसली. मामी हळहळली. मामांनी जाळीने उचलली, तर हाती आले नुसते पोकळ कवच! बाईसाहेब खडकाच्या कपारीत दडून बसल्या होत्या. कोळंबीचे कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी तिला कात टाकावी लागते. नवे कवच कडक होईपर्यंत अंग मऊ असते. म्हणून ती लपते. आम्ही तिला मेली समजलो, ती केवळ सावध होती.

तेव्हापासून मी तिच्याकडे नीट पाहू लागलो. मासा जवळ आला की ती डावी-उजवीकडे झुलते, मिशा हलवते. दुकान उघडल्याची ही खूण. मासा थांबतो, तोंड उघडतो, आणि ती त्याच्या अंगावरचे परजीवी व मेलेली कातडी वेचून खाते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आवडावा असाच हा रोखीचा व्यवहार!

हिशेब पाण्याचाही ठेवावा लागतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हैदराबादच्या उन्हाळ्यात पेटीतले पाणी उडते, मीठ मागे राहते आणि खारटपणा वाढतो. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही थोडी थोडी. एकदम झालेला बदल कोळंबीला सोसत नाही.

एवढे कळूनही चूक झाली. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले आणि मी घाईने औषध ओतले. त्यात तांबे होते. माशांना ते मानवले. कोळंबीला तांबे म्हणजे विषच. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला दोन मिनिटे लागली असती. संध्याकाळी ती तळाशी पडलेली दिसली. "कात टाकली असेल," मी मामीला म्हणालो. या वेळी कवच पोकळ नव्हते.

आमच्या नामपल्लीत मृगाला नुमाईश मैदानावर दम्यासाठी जिवंत मासा गिळायला हजारो लोक येतात. तेथे मासा औषध असतो, दिवाणखान्यात शोभा. दोन्हीकडे त्याच्याकडे पाहायचे मात्र राहून जाते. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि असे बहुतेक जीव प्रवाळखडकांतून पकडून आणलेले असतात. त्यांना घरी आणणाऱ्याने रोज पाव तास तरी पेटीसमोर बसावे, आणि औषधाच्या आधी डोळे वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढी सवड नसेल, तर कोळंबी समुद्रातच बरी.