कोऱ्या दस्त्याला तेल कोणी लावावे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. गाव कोल्हापूर जिल्ह्यातले कांबळवाडी, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत पुण्याला आणि सराव बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी सजलेले हे संकुल तेव्हापासून नेमबाजांचे घरच झाले आहे. २०११मध्ये गगन नारंग आणि पवन सिंग यांनी आपली अकादमीही पुण्यातच सुरू केली. अशा शहरात स्वतःची रायफल घेणाऱ्याला आज ना उद्या दस्त्याचा, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो त्या भागाचा, निर्णय घ्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, कारखान्यातून लेप लावून आलेला लाकडी घ्यावा, की अक्रोडाचा कोरा दस्ता आणून घासणे आणि तेल पाजणे आपल्याच हातांनी करावे? हौसेचा वाटला तरी या प्रश्नाला पैशाची, हवामानाची आणि कायद्याची बाजू आहे.

हाताच्या कामाची बाजू आधी पाहू. दस्ता खांद्याला, गालाला आणि उजव्या तळव्याला एकाच वेळी भिडतो. कारखाना तो सरासरी हातासाठी कापतो. कोऱ्या दस्त्यावर मुठीचा फुगवटा पाव मिलिमीटरने उतरवता येतो, गालाची कड आपल्या हाडाप्रमाणे मऊ करता येते. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दर वेळी हात त्याच जागी, त्याच दाबाने बसणे म्हणजे काय, हे त्या ठिपक्यावरून कळते.

काम कठीण नाही, पण घाईचे नाही. लाकूड रेषांच्या दिशेने १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे, मग २२०, मग ३२०. मध्येच ओल्या फडक्याने पुसले की दबलेले बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते कापून काढायचे. ही पायरी गाळली, तर पहिल्या दमट दिवशी दस्ता खरबरीत होतो. मग जवसाचे तेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात. कच्चे तेल आठवडे घेते. तेल थेंबाथेंबाने तळव्याने चोळायचे, न मुरलेले पुसून घ्यायचे. जाड थर लावला की तो चिकटच राहतो आणि मग सगळे खरवडावे लागते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघडी पसरून वाळवावीत.

एवढे करून मिळते काय? तेलाचा खरा फायदा तकाकीत नाही, दुरुस्तीत आहे. पॉलियुरेथेनच्या थराला ओरखडा गेला की तो भाग बेमालूम जुळवणे अवघड होते, बहुतेक वेळा सगळा थर काढावा लागतो. तेलाच्या दस्त्यावर तेवढ्याच जागी घासून दोन थेंब चोळले की भागते. घामाने गालाची जागा फिकी पडली, तरी उपाय तोच.

आता दुसरी बाजू, आणि पुण्यात ती बरीच वजनदार आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत, जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेही दमट. लाकूड या फरकाबरोबर फुगते आणि आकसते. बाष्प अडवण्यात जवसाचे तेल पॉलियुरेथेनपुढे फारच कमी पडते. त्यातही हौशी माणूस बाहेरची बाजू आरशासारखी करतो, आणि नळी ज्या खोबणीत बसते ती, तसेच खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटखालचे उघडे लाकूड कोरडेच ठेवतो. ओल शिरते ती तिथूनच. दस्ता किंचित वळून नळीला टेकला, की पावसाळ्यात नेम सरकतो आणि नेमबाज दोष स्वतःच्या श्वासाला देत बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याला हा आजार नाही, शिवाय त्याची गालपट्टी आणि बट प्लेट स्क्रूने हलवता येते. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही सोय मोठी आहे. लाकूड एकदा कापले की परत येत नाही.

फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून चपडी लाखेचे फ्रेंच पॉलिश करून घेणे सोपे, असे काहींना वाटते. दिसायला ते देखणे, पण दमट हवेत लावले तर पांढरट डाग धरते आणि घामाच्या हाताखाली लवकर झिजते. ते बैठकीच्या खोलीतच शोभते.

मग लाकूड तरी अक्रोडच का? महाराष्ट्राला सागवान जवळचे, आणि हवेबरोबर साग अक्रोडापेक्षाही कमी हलतो, हे मान्य करायला हवे. पण सागातली वाळूसारखी सिलिका हत्यारांची धार खाते, त्याचे अंगचे तेल वरचा लेप धरू देत नाही आणि धक्क्याने तो चिरू शकतो. शिसव सुंदर, पण वजनदार. एअर रायफलला स्पर्धेत ५.५ किलोची कमाल मर्यादा आहे. अक्रोड मधल्या वजनाचा, धक्का सोसणारा आणि छिन्नीला वश होणारा. इशापूरच्या रायफल कारखान्यापासून युरोपातल्या कारागिरांपर्यंत अनेकांनी तो निवडला तो यासाठी. मात्र आपल्याकडे अक्रोड म्हणजे मुख्यतः काश्मीर, आणि तिथे १९६९च्या कायद्यानुसार अक्रोडाचे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. फळ देणारे झाड तोडून हौस भागवायची का, हा आक्षेप हलका नाही. लाकूड कुठून आले याचा कागद विक्रेत्याकडे मागणे, ही खरेदीदाराची पहिली जबाबदारी.

कायद्याचीही रेषा आहे. २० ज्यूलच्या आतल्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, तिथे घरी काम करायला वाव आहे. पण ०.२२ बोअरच्या किंवा त्यापुढच्या बंदुकीला १९५९चा शस्त्र कायदा लागू होतो. त्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला वा दुरुस्त करायलाही परवाना लागतो. त्यामुळे ती भवानी पेठेतल्या ओळखीच्या सुताराकडे ‘दोन दिवस’ सोडून येणे हा मार्गच नाही. धातूचा भाग बसवणे, खोबण कोरणे हे परवानाधारक कारागिराचेच काम. शंका असल्यास पोलिसांच्या परवाना शाखेला आधी विचारावे.

जुन्या दस्त्यांचा हिशेब वेगळा. आजोबांच्या शिकारी बंदुकीच्या किंवा एखाद्या संग्रहातल्या दस्त्यावरचे शिक्के, क्रमांक आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेला काळपटपणा हाच त्याचा दाखला. पॉलिश पेपरने तो तासाभरात पुसला जातो. अशा लाकडाला कोरडे फडके आणि फार तर तेलाचा बारीक हात; घासणे अजिबात नको.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे. जो दस्ता दहा जणांच्या गालाला लागणार, त्याला कारखान्याचा लेप किंवा अ‍ॅल्युमिनियमच बरे. क्लबच्या आणि शाळांच्या रायफली रोज वेगवेगळ्या हातांत जातात. तेलाची निगा राखणारा एक मालक त्यांना नसतो. वाढत्या मुलांनाही स्क्रूने बदलणारा दस्ता द्यावा. पण ज्याची उंची आणि पवित्रा स्थिरावला आहे आणि जो पुढची काही वर्षे हीच रायफल वापरणार आहे, त्याने कोरा अक्रोड घ्यायला हरकत नाही. त्याने काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर सुरू करावे, खोबण आणि टोके आधी बंद करावीत, वर्षाकाठी एकदा पुन्हा तेलाचा हात द्यावा. गुण वाढतील या आशेने मात्र हे करू नये. गुण सरावाने वाढतात. हाताने सिद्ध केलेला दस्ता फक्त एक कारण कमी करतो: चुकलेल्या गोळीचा दोष रायफलच्या बैठकीवर ढकलण्याचे.