आजोबांचा तळवा बघितलाय का?

बालमित्रांनो, आज एक मजेशीर वाटेल असं काम सांगणार आहे. हसू नका. घरातल्या मोठ्या माणसांचे तळवे बघायचे!

आपल्या कोपरगावच्या शिवारात उसाला पाणी देणारी कितीतरी माणसं अनवाणीच. काटा मोडतो, रक्त साकळतं, कुरूप होतं. मग तळव्यावरच्या काळ्या डागाकडे कोण ढुंकून बघतो?

कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. बाळ आईच्या पोटात असताना त्या पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि सगळ्या कातडीत, डोळ्यात, अगदी कानाच्या आतही जाऊन बसतात. जन्माआधीपासूनच्या प्रवासी! त्यांच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. ती जुनी सवय त्यात पुन्हा जागी होते, असं काही शास्त्रज्ञ मानतात. तळव्यातून निघालेल्या पेशी बहुधा आधी जांघेत थांबतात. पायाला जखम झाली की अवधाण येतं ना, त्याच गाठींत. पुढे फुफ्फुस, यकृत, मेंदू. इतर कर्करोग सहसा जात नाहीत अशा आतड्यात, हृदयातही हा पोचतो.

गोऱ्या लोकांत तो जास्त, उन्हामुळे. आपल्यासारख्या सावळ्यांत दुर्मिळ, पण झाला तर बरेचदा तळव्यावर किंवा नखाखाली, जिथं ऊन फारसं लागत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात तो १९७७ साली सापडला. आधी वाटलं, फुटबॉल खेळताना लागलंय. १९८१ साली तो वारला तेव्हा रोग मेंदूत गेला होता. वय अवघं ३६.

कातडी बारकाईनं बघणारे आपल्याकडेही झाले. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली, धोतर घट्ट बांधतात त्या जागी होणारा कर्करोग जगासमोर मांडला. (तो निराळा हं, मेलॅनोमा नव्हे.)

आता ओळखायचं कसं? नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पण नखात नवी काळी रेघ आली, रुंद होत चालली, बाजूच्या कातडीवर उतरली, तर डॉक्टरांना दाखवायची. तळव्यावरचा डाग वाढत असेल, कडा वाकड्यातिकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, तरीही. सुरुवातीला तो दुखत नाही, हीच त्याची लबाडी! कुरूप समजून कोणी बिब्बा लावतं, कोणी ब्लेडनं कापतं. तसं करू द्यायचं नाही. डाग पातळ असतानाच काढला तर बहुतेक माणसं बरी होतात.

हा रोग शिवल्यानं लागत नाही. तेव्हा आजीचे पाय खुशाल मांडीवर घ्या. धुऊन, चांगल्या उजेडात. बोटांच्या बेचक्याही बघा बरं का.