आधी 'पाचोऱ्याला' लिहून दाखवा!

मागच्या शनिवारी चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेचा नमुना मेलवर आला. फॉन्ट एकदम झोकदार. पण खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब पाचोर्याला यावे'. डिझायनरला फोन केला तर म्हणतो, "सर, या फॉन्टमध्ये तो र तुटतो, म्हणून रफार दिला. चालतंय की!"

नाही चालत, साहेब! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या अजिंठ्याच्या डोंगरातल्या. रफार चढवला की शब्दच बदलतो. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य अशी सोय आहेच. फॉन्टमध्ये ती जोडणी नसेल तर तो मराठीसाठी अपुरा, मग कितीही देखणा असो. तीच गत ल आणि श यांची. पाकळीचा ल, देठाचा श हे शासनाने २००९ मध्येच ठरवून दिलंय, तरी पत्रिकांवर हिंदी वळणच.

मंडळी, फॉन्ट निवडताना आधी आपल्या गावाचं नाव प्रत्यय लावून टाइप करून बघा. सौंदर्य नंतर. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' फुकट मिळतो, आम्ही शेवटी तोच घेतला.

बहीण म्हणते, "दादा, जरा साधा दिसतो रे." दिसू दे. पाहुणे पाचोऱ्यालाच येतील ना! :)