निकाल जुळला, म्हणून नियम खरा?

१/ ऐतिहासिक युद्धखेळांच्या पटावर एक गैरसमज फार दिवस ठाण मांडून बसला आहे. लघुप्रतिमा मांडायच्या, नवी नियमावली घेऊन एखादी प्रसिद्ध लढाई खेळायची आणि इतिहासात जो जिंकला तोच पटावरही जिंकला, की नियमांवर ‘इतिहासाशी प्रामाणिक’ असा शिक्का मारायचा. याला नियमांची चाचणी म्हणत नाहीत. ही स्वतःचीच पाठ थोपटणे झाले. #इतिहास #युद्धखेळ #थ्रेड

२/ या खेळाच्या मूळ पुरुषांची शिस्त निराळी होती. प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’चे नियम सिद्ध केले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, पंच आणि फासे असा तो खेळ. बंदुकीच्या वा तोफेच्या माऱ्याने किती माणसे पडतील, याचे आकडे ठरवताना त्याने प्रत्यक्ष गोळीबाराच्या प्रयोगांचा आधार घेतला. पटावरील आकड्याला पटाबाहेरचे कारण हवे, हा दंडक तेव्हापासूनचा आहे.

३/ तो दंडक मोडला की काय होते, याचा धडा १९४२ चा. मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी नौदलाने ‘यामातो’ युद्धनौकेवर सराव-खेळ केला. फुचिदा व ओकुमिया या नौदल अधिकाऱ्यांनी नमूद केल्यानुसार, फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर ९ बॉम्ब पाडले. ‘आकागी’ व ‘कागा’ बुडाल्या. अॅडमिरल उगाकी यांनी ९ चे ३ केले. ‘आकागी’ वाचली. बुडालेली ‘कागा’ही पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली!

४/ प्रत्यक्ष मिडवेत त्या दोघींसह चार विमानवाहू नौका जपानने गमावल्या. फाशांना भविष्य कळत होते, असा याचा अर्थ नाही. नावडता निकाल समोर येताच त्यामागचे कारण तपासण्याऐवजी आकडाच खोडला गेला, हा खरा दोष. घरोघरच्या पटांवर हेच घडते. ‘आज फासेच वाईट पडले’ म्हणून डाव रद्द होतो आणि आवडता निकाल तेवढा ‘चाचणी’ म्हणून वहीत चढतो.

५/ आता घरची लढाई घेऊ: असई, आजचा जालना जिल्हा, २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे). दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. प्रत्यक्ष झुंजलेले कंपनीचे सैन्य सुमारे ४,५००. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचे शिंद्यांचे कवायती कंपू, सुमारे १० ते ११ हजार पायदळ, शंभराच्या आसपास तोफा. शिवाय प्रचंड घोडदळ. निकाल सर्वज्ञात आहे: वेलस्ली जिंकला.

६/ हा निकाल पटावर आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? मराठी पायदळाला ‘हीन प्रत’ द्यावी, मनोधैर्याचा आकडा उतरवावा आणि इंग्रजी पलटणींना वरची प्रत बहाल करावी. पाच-सहा फेऱ्यांत मराठे पळतात, निकाल जुळतो, नियमकर्ता संतुष्ट होतो. मात्र असईच्या रणात त्या दिवशी जे घडले, त्यातले जवळजवळ काहीच या पटावर घडत नाही.

७/ वेलस्लीने पिंपळगावाजवळ केळणा नदी ओलांडली ती बगलेवर घाला घालण्यासाठी. कवायती कंपूंना वेळेत तोंड फिरवता येणार नाही, असा त्याचा होरा होता. पोलमनच्या कंपूंनी तो खोटा ठरवला. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली फळी शिस्तीने पूर्वेकडे वळली. उजवी बाजू केळणेला, डावी असई गावाला भिडवून उभी राहिली. शत्रूसमोर असे तोंड फिरवणे हे उत्तम कवायतीचे काम. ‘हीन प्रती’च्या पायदळाला कोणती नियमावली ते करू देईल?

८/ मग तोफखाना. मराठी माऱ्याखाली वेलस्लीच्या तोफांचे बैल व गोलंदाज पडले आणि त्याला तोफा मागे ठेवून संगिनींवर विसंबावे लागले. असई गावाकडे भरकटलेल्या ७४ व्या पलटणीची तर धूळधाण झाली. इंग्रजांची पहिली फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले काही मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून मारा केला. कंपनीचे सुमारे १,६०० लोक मेले वा जायबंदी झाले. म्हणजे झुंजलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक.

९/ म्हणून असईसाठी नियमांना विचारायचा पहिला प्रश्न ‘कोण जिंकले?’ हा नाहीच. विजेत्याचा तिसरा हिस्सा पडतो का? कंपू तोंड फिरवू शकतात का? ताब्यात आलेली तोफ पुन्हा बोलू शकते का? अफाट घोडदळ जवळपास निष्क्रिय राहते, ते कशामुळे? यांची उत्तरे ज्या नियमांपाशी नाहीत, त्यांनी विजेता बरोबर सांगितला तरी इतिहास चुकीचाच सांगितला.

१०/ उलट टोकही तितकेच खोटे. अभिमानापोटी मराठ्यांना फाशावर फुकटचे गुण द्यायचे आणि असई ‘जिंकायची’, हा उगाकींचाच मार्ग, केवळ झेंडा बदललेला. पराभवाची कारणे होती. कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या कवायती फौजेतील अनेक इंग्रज अधिकारी सोडून गेले होते. शिंदे व भोसले स्वतः रणातून निघून गेले. पायदळ, तोफखाना व घोडदळ यांना एकत्र हाकणारा हात उरला नाही. ही कारणे नियमांत आणायला बुद्धी लागते. प्रत उतरवायला वा फुगवायला लागत नाही.

११/ सैन्याला एकच कायमची प्रत देण्याचा फोलपणा सुमारे दोन महिन्यांतच उघड झाला. २९ नोव्हेंबर १८०३, वऱ्हाडातील अडगाव. असईच्या भीषण माऱ्यात टिकलेल्या कंपनीच्या काही देशी पलटणी येथे प्रारंभीच्या तोफमाऱ्याने बिथरून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले. पलटणी त्याच, सेनापती तोच. कपाळावर कोरलेल्या आकड्याला याचे उत्तर देता येत नाही. धैर्य ही प्रसंगागणिक बदलणारी गोष्ट आहे.

१२/ आणि थोडे गणित. समजा, एखाद्या नियमावलीत मराठ्यांच्या विजयाची शक्यता तिसरा हिस्सा आहे. तरीही सलग तीन डाव ते हरण्याची शक्यता २७ पैकी ८, म्हणजे जवळपास ३० टक्के. तेव्हा ‘तिन्ही डावांत वेलस्लीच जिंकला’ ही ग्वाही फारच दुबळी. शिवाय इतिहास स्वतः एकदाच खेळलेला डाव आहे. असई दरवेळी वेलस्लीच जिंकेल असे नियम, त्याने पत्करलेला धोकाच पुसून टाकतात.

१३/ खरी चाचणी अशी:
• एकच लढाई अनेकदा खेळावी. खेळाडूंनी बाजू बदलाव्यात.
• प्रत्येक डाव वहीत उतरावा, नावडता तर आधी.
• विजेत्यासोबत हानी, वेळ आणि क्रम ताडून पाहावा.
• प्रत्येक आकड्यापुढे त्याचे कारण लिहावे. कारण नसेल तर आकडा खोडावा.
• असईवर बेतलेले नियम काना-मात्रा न बदलता अडगावला लावावेत. तेथे कोसळले, तर ते असईलाही खरे नव्हते.

१४/ यावर ठरलेले उत्तर येते: ‘खेळच तर आहे, एवढे मनावर कशाला घ्यायचे?’ खेळ म्हणून काहीही खेळावे. कोणाची हरकत नाही. पण नियमावलीवर ‘ऐतिहासिक’ हा शब्द आणि पटावर असईचे नाव मांडले, की उत्तरदायित्व येते. पटावर पाच वेळा लढाई हरलेला विद्यार्थी त्या पराभवाचे कारणही तेथूनच शिकतो. ‘ही माणसेच हलक्या प्रतीची होती’ हे कारण त्याच्या मनात एकदा रुजले, की दहा ग्रंथ वाचूनही ते सहज उपटत नाही.

१५/ तोफांपाशी अखेरपर्यंत उभे राहिलेल्या गोलंदाजांची नावे बखरींत नाहीत, स्मारकांवर नाहीत. पटावर त्यांच्या वाट्याला येतो तो केवळ एक आकडा. तो खालचा असो वा वरचा, प्रामाणिकपणे तपासलेला असावा, एवढेच त्यांचे मागणे असू शकते. फासे टाकणाऱ्या प्रत्येक हाताने ते ऐकावे. इति लेखनसीमा.
#मराठी #असई #मराठा_इतिहास