बिच्चारा कैसर? माफ करा!

परवा मित्र म्हणाला, "कैसर विल्हेल्मचं शेवटी फार वाईट झालं रे, परक्या देशात लाकडं फोडत बसला."

काहीही! १० नोव्हेंबर १९१८ला हा गृहस्थ नेदरलँड्सला पळाला. व्हर्सायच्या तहात, २२७व्या कलमात, त्याच्यावर खटला भरायचं ठरलं होतं. डच सरकारने त्याला सोपवायला चक्क नकार दिला. मग काय, डोर्नला ऐसपैस वाडा, नोकरचाकर, जर्मनीहून रेल्वेच्या ५९ वॅगन भरून आलेलं सामान!

बरं, पश्चात्ताप? १९४०मध्ये पॅरिस पडल्यावर साहेबांनी हिटलरला अभिनंदनाची तार ठोकली. १९४१मध्ये डोर्नच्या घरीच गेला, वय ८२. त्याच्या युद्धात विशीतली लाखो पोरं खंदकात मेली. लोकहो, हळहळायचंच असेल तर त्यांच्यासाठी हळहळा. लाकडं फोडणं हा म्हाताऱ्याचा व्यायाम होता, शिक्षा नव्हे.