आधी पान, मग बिल्ड

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांना आणि छोट्या संस्थांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फ्रेमवर्क वापरायचं तर आधी नोड बसवा, मग एनपीएमने पॅकेजेस उतरवा, मग बिल्ड जुळवा, हा क्रम सक्तीचा समजू नका. कित्येक कामांना यातलं काहीच लागत नाही, आणि नेमक्या याच पायरीवर अडून अनेक जण शिकणं सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

समजा, एका पतसंस्थेला कर्जाचा हप्ता काढून देणारं पान हवं आहे. मुद्दल, व्याजदर आणि महिने अशा तीन चौकटी, खाली हप्त्याची रक्कम. व्ह्यू या फ्रेमवर्कची फाईल स्क्रिप्ट टॅगने पानात घ्या, चौकटींना व्ही-मॉडेल लावा, हप्त्याचं सूत्र कंप्युटेडमध्ये लिहा आणि अ‍ॅप एका डिव्हवर माउंट करा. ६० महिन्यांचे ४८ केले की हप्ता तिथल्या तिथे बदलतो. सगळा मजकूर एका एचटीएमएल फाईलीत मावतो, डबल-क्लिक केलं की पान उघडतं. वर्षभराने सूचना बदलायची झाली तर कार्यालयातलं कुणीही नोटपॅडमध्ये ती बदलू शकतं. ही काही पळवाट नव्हे. २०१४ साली इव्हान यू यांनी व्ह्यू लोकांपुढे आणलं तेव्हापासून ते असं वापरता येतं, आणि आजही येतं.

या वाटेवर काही खाचखळगे आहेत, ते आधीच माहीत असू द्या. टेम्प्लेट थेट एचटीएमएलमध्ये लिहिलं की ते व्ह्यूच्या आधी ब्राउझर वाचतो आणि टॅगच्या नावातली कॅपिटल अक्षरं स्मॉल करून टाकतो. म्हणून कंपोनंटचं नाव तिथे स्मॉल अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहा आणि टॅग नेहमी पूर्ण बंद करा. पान उघडताना महिरपी कंस क्षणभर दिसत असतील तर व्ही-क्लोक लावा, त्यासाठीची सीएसएसची ओळ विसरू नका. जावास्क्रिप्टचे वेगवेगळे मॉड्यूल करून इंपोर्टने जोडायला लागलात, की मात्र डबल-क्लिकने काम भागत नाही, साधा लोकल सर्व्हर लागतो. पायथन असेल तर तो एका ओळीत सुरू होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, व्ह्यूची फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढत बसू नका. नेमकी आवृत्ती ठरवा, प्रॉडक्शनसाठीची फाईल उतरवून घ्या आणि आपल्याच फोल्डरमध्ये ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनवरून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड मिसळलेला सापडला. डोमेनची मालकी त्याच वर्षी बदलली होती. ती स्क्रिप्ट ज्यांनी पानात जोडली होती त्यांनी स्वतः एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी त्यांच्या साइटवर येणारी माणसं धोक्यात आली.

मग बिल्ड कधी घ्यावा? कंपोनंट पाच-दहाच्या पुढे गेले, टाइपस्क्रिप्ट हवं झालं, चार माणसं एकाच कोडवर काम करू लागली, की जरूर घ्या. सर्व्हरचं सुरक्षा धोरण कडक असेल तर ब्राउझरमध्ये टेम्प्लेट कंपाइल करणं अडवलं जातं, तिथेही बिल्डच बरा. रिअ‍ॅक्टमध्ये ही गरज लवकर येते, कारण ब्राउझरला जेएसएक्स कळत नाही. आणि मोठ्या अ‍ॅपमध्ये बिल्डमुळे न वापरलेला कोड गळून जातो, साध्या मोबाईलवर पान लवकर उघडतं. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये.

फक्त बिल्ड म्हणजे कायमची देखभाल, हे कबूल करून घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड १७ आलं, त्यात ओपनएसएसएल ३ होतं, आणि वेबपॅक ४ वर बांधलेले कित्येक प्रकल्प नव्या नोडवर बिल्डच होईनात. कोड तोच, पण आदल्या दिवशी चालणारी कमांड आज लाल अक्षरांत एरर दाखवत होती. ज्या संस्थेकडे पगारी प्रोग्रामर नाही तिने अशा वेळी कुणाकडे जायचं?

म्हणून बिल्ड घेतलात तर एवढं कराच. नोडची आवृत्ती रीडमीमध्ये लिहा. पॅकेज-लॉक फाईल गिटमध्ये टाका आणि नव्या मशीनवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा, म्हणजे ठरलेल्या त्याच आवृत्त्या येतात. संस्थेला काम सोपवताना मूळ कोड द्याच, शिवाय तयार झालेलं डिस्ट फोल्डरही वेगळं द्या. बिल्ड बंद पडला तरी ते फोल्डर सर्व्हरवर चढवून साइट चालू ठेवता येते.